परातेसाहेबांचं जहाज

परातेसाहेबांचं जहाज बुडलं की ते घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करत आणि त्या दिवशी फोडणीचं खात नसत. एकदा घरमालकीणबाईंनी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"अडतीस गेले वं बाई," साहेब म्हणाले. बाई मटकन खाली बसल्या.

जहाज अर्थातच कागदावरचं. नागपुरात दुसरं कुठून येणार? पंच कार्डांचे दिवस होते. पाण्याखाली सुरुंग फुटला तर जहाजाच्या पत्र्याचं काय होतं, हे गणितानं काढायचं काम नौदलानं आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला दिलं होतं. साहेब आकडे द्यायचे, मी कार्डांना भोकं पाडायचो आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर हातभर कागद ओकून सांगायचा, पत्रा फाटला. म्हणजे जहाज बुडलं.

साहेब विणकराच्या घरातले. "पत्रा म्हणजे लुगडंच समज गा. एक धागा तुटला का शेजारच्यावर जोर येते." हे वेड इतकं की एका लग्नात ते विहीणबाईंचा पदर धरून काठ तपासू लागले. त्यांना सोडवून आणता आणता माझी पंगत हुकली.

जहाज अकराव्यांदा बुडलं तेव्हा विभागप्रमुख वैतागले. "पत्रा फाटतो असं लिहा आणि सोमवारी अहवाल पाठवून मोकळे व्हा."

"अन् आतमंधल्या पोट्ट्यांचं काय?"

"पराते, गणितात पोट्टे नसतात!"

"माह्या गणितात आहेत, सर."

कसाबसा एक शेवटचा प्रयत्न पदरात पडला. साहेबांनी दोन पत्र्यांच्या जोडापाशी जाडी वाढवली. "लुगड्याचा काठ जाड काहून विणते? पहिला ताण त्यालेच बसते." दुसऱ्या दिवशी कागद आला. पत्रा वाकला होता, फाटला नव्हता. साहेबांनी शिपायाला मिठी मारली आणि सगळ्या विभागाला सामोसे खाऊ घातले.

अहवालाला जोडायचे आकडे उतरवायला त्यांनी मला आपली वही दिली. शेवटच्या पानावर जहाजावरच्या अडतीस जणांची नावं होती. कप्तान विभागप्रमुख. आचारी आमचा शिपाई. इंजिनखोलीत, थेट बुडाशी, वानखडे. म्हणजे मी!

"साहेब, मी अकरा वेळा मेलो?"

"मंग! अकराही वेळा आंघोळ केली ना तुह्यासाठी."

मला हसू फुटलं. मग यादी पुन्हा वाचली आणि हसू विरलं. "तुमचं नाव नाही यात."

एका खोलीत एकट्यानं राहणारे परातेसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मी कसा जाऊ गा? मागं रडाले कोणीतरी पाह्यजे ना."