नाना परबांचं चुकलेलं माप

नाना परबांसमोर 'थोडं' हा शब्द उच्चारायची सोय नाही. चारकोपच्या आमच्या सोसायटीत मी नवीन राहायला आलो, तेव्हा खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे थोडं विरजण मागायला गेलो होतो. नाना दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "माप सांगा."

"थोडंसंच हो. दोन माणसांपुरतं."

"दोन माणसा ह्या काय माप झाला? दूद किती?"

दूध किती ते मला माहीत नव्हतं. मी परत वर गेलो, बायकोला विचारलं, तिच्याकडून माझ्या एकूण उपयोगाबद्दल दोन शब्द ऐकले आणि खाली येऊन म्हणालो, "अर्धा लिटर." नानांनी एक चमचा विरजण दिलं. वरून बोट फिरवून सपाट केलेलं.

हा माणूस साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात बत्तीस वर्षं लेथवर उभा होता. बोलणं मालवणी आणि मोजणं सुतात. एका इंचाची आठ सुतं, आणि लेथवर चढवलेला लोखंडाचा तुकडा म्हणजे जॉब. "जोशीनू, एक सूत चुकला की अख्खो जॉब भंगारात," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली भांग पाडतानाही मला धाकधूक वाटते.

पण नानांची खरी ख्याती गाऱ्हाण्याची. गाऱ्हाणं म्हणजे नारळ हातात धरून देवापुढे मोठ्याने मागणं मांडायचं, बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी. एकाने मांडायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. नाना हे आपल्या गॅलरीत उभे राहून करतात, दक्षिणेकडे तोंड करून, कारण गाव तिकडे. मध्ये आमचं पंपहाऊस आणि अख्खं कोकण. दुपारी सोसायटीत रिकामा माणूस मी एकटाच, त्यामुळे 'व्हय म्हाराजा'चं खातं आपोआप माझ्याकडे आलं. मी सोलापूरचा, निवृत्त कारकून. दुजोरा देणं हेच मी जन्मभर केलं होतं. तरी पहिल्याच खेपेला घोळ घातला. नाना म्हणाले, "हे म्हाराजा, आमची लिफ्ट घडयेघडयेक बंद पडता..." आणि श्वास घ्यायला थांबले. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "व्हय म्हाराजा!" लिफ्ट अकरा दिवस बंद होती. पाचव्या मजल्यावरच्या सावंतवहिनी अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

मागणं मोघम असलेलं नानांना खपत नाही. "देव काय ज्योतिषी नाय. माप नाय दिलास तर तो तरी काय करतलो?" पूर्वी एकदा त्यांनी कुणाच्या तरी मुलासाठी नुसतंच 'फॉरेनच्या कंपनीत नोकरी' असं मागितलं होतं. मिळाली. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये. तेव्हापासून नाना देवाला पिनकोडसकट पत्ता सांगतात.

नानांच्या घरात ते आणि त्यांची नात ऋचा. नानी वारल्या त्या वर्षी मस्कतच्या मुलीने आपली आठ वर्षांची पोर वर्षभरासाठी इथे ठेवली. शाळेसाठी, असं सगळे म्हणत. खरं तर नानांना सोबत म्हणून. त्या एका वर्षाची नऊ वर्षं झाली, आणि हे माप मात्र नानांनी कधी तपासलं नाही. पोरीच्या वेण्या घालता याव्यात म्हणून ते माझ्या बायकोकडे शिकायला यायचे. घरी सराव करायला त्यांनी स्वयंपाकघराच्या ग्रिलला सुतळीचे तीन पदर बांधले होते. ऋचाने नववीत केस कापून टाकले. सुतळीची वेणी अजून तिथेच लटकते, तिच्यावर डाव अडकवतात.

तर गेल्या वर्षी ऋचाने अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात 'अर्ली' अर्ज भरला. तिचा निबंध मी तपासला, म्हणजे 'मी लहानपणापासून कष्टाळू आहे' अशी सुरुवात सुचवली. तिने "थँक्यू काका" म्हणून ती खोडली. मग नानांनी मला विचारलं, "ह्या अर्ली म्हणजे काय?"

आता इथे गप्प बसायचं होतं. पण कुणी काही विचारलं की माझ्यातला वक्ता जागा होतो. मी म्हणालो, "नाना, डिसेंबरात निकाल. आणि तिकडून हो आलं की जायचंच, असं आधीच लिहून द्यायचं. साखरपुडाच समजा. हो आलं की पोरगी गेली."

"परत कधी येतली?"

"चार वर्षं शिक्षण. मग तिकडेच नोकरी. मग काय, तिकडेच संसार." आणि मी हसलो.

नानांनी "चार म्हणजे नक्की किती?" असं विचारलं नाही. माझ्या कपातला चहा संपलेला नसतानाच त्यांनी कप उचलून नेला.

निकालाच्या आदल्या रविवारी गॅलरीत गाऱ्हाणं झालं. ऋचा आत मान खाली घालून हसत होती. नानांनी तिचं पूर्ण नाव सांगितलं, आमच्या इमारतीचा नंबर सांगितला, विद्यापीठाचं नाव, राज्य, अर्जाचा आकडा एकेक अंक सुटा करून सांगितला. आणि शेवटी म्हणाले, "तर म्हाराजा, ह्या चेडवाचा जा काय बरा आसात, ता होवंदे."

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." हे मागणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी त्या नारळाची चटणी होणार की सोलकढी, या विचारात होतो.

निकाल आपल्याकडच्या पहाटे लागणार होता. साडेपाचला मी मफलर गुंडाळून खाली गेलो. ऋचाने लॅपटॉप उघडला. नाना दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, पडद्याकडे न बघता. तिने वाचलं, पुन्हा वाचलं.

"डिफर केलंय," ती म्हणाली. "हो पण नाही आणि नाही पण नाही. मार्चमध्ये बाकीच्यांबरोबर परत बघणार म्हणे." मग "ठीक आहे ना, चलता है," म्हणत बाथरूममध्ये गेली. आत नळ चालू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला. पाणी वाया गेलेलं नानांना खपत नाही. पण ते चौकटीला टेकलेलेच राहिले.

"म्हणजे नक्की काय म्हणाक व्हया?" त्यांनी मला हळूच विचारलं.

माझ्याकडे ऑफिसातली एकच भाषा. "फाईल पेंडिंग आहे, नाना."

नाना खुर्चीत बसले ते एकदम, आपटल्यासारखे.

चार दिवसांनी दुपारी त्यांनी बोलावलं. ऋचा क्लासला गेली होती. नारळ तयार होता.

"जोशीनू, मी मागूकच नाय," ते म्हणाले.

"काय मागितलं नाही?"

"तिचा ॲडमिशन. सगळा सांगलंय, ह्याच तेवढा सांगूक नाय. तोंडातून येयनाच. बरा आसात ता होवंदे, म्हटलंय." ते ग्रिलवरच्या सुतळीच्या वेणीकडे बघत होते. "बरा कोणाचा, ता सांगलंयच नाय. माप नाय दिलंय, म्हणान तेना पेंडिंग ठेवल्यान."

मी म्हणालो, "नाना, तसं नसतं. ते लोक तिकडे मार्कं बघतात, निबंध बघतात..."

"बत्तीस वर्सा लेथवर होतंय. चूक जॉबची की हाताची, ता माका कळता."

तो साखरपुड्याचा विनोद मीच केला होता, हे सांगायला मी तोंड उघडलं. "नाना, ते मी उगाच..."

"तुमी काय खोटा बोललास?" नाना म्हणाले आणि गॅलरीत गेले.

दुपारची वेळ. पंपहाऊसची मोटर चालू होती, म्हणून नानांनी आवाज चढवला. "हे म्हाराजा, मागच्या खेपेक माप चुकला. चूक माझी, चेडवाची नाय. तेव्हा आता नीट आयक." पुन्हा नाव, पुन्हा नंबर, पुन्हा अंकाला अंक. "तिका हेच युनिव्हर्सिटीत, हेच कोर्साक, पुऱ्या स्कॉलरशिपीसकट, हेच ऑगस्टात घेवन जा. चार वर्सा तर चार. जास्ती लागली तर जास्ती." ते थांबले. मोटर आपली चालूच होती. "हय मी आसय. माझा मी बघतलंय. तेचो हिशोब तू ह्येच्यात धरू नको."

मी पंपहाऊसकडे बघत राहिलो.

नाना मागे न वळता म्हणाले, "बोला मा, जोशीनू. तुमी गप ऱ्हवलास तर ह्या पण पेंडिंग पडात."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. आवाज कुठून आला कुणास ठाऊक, माझा तरी वाटला नाही.

नानांनी कोयतीच्या पाठीने नारळ फोडला. बरोबर मधोमध, दोन सारखी भकलं. एरवी त्यांनी ती एकमेकांशेजारी धरून मला दाखवली असती. त्या दिवशी एक माझ्या हातात दिलं, आणि दुसऱ्याकडे न बघताच ते आत ठेवायला गेले.