समाधानी गावाची तहान

अर्जेंटिनातल्या सांतियागो देल एस्तेरोजवळच्या त्या गावाचा पाण्याचा पंप सोमवारी बंद पडला. कंपनीच्या नोंदीत मात्र तो चालू होता, आणि पंप चालू आहे की बंद हे ठरवण्याचा अधिकार कंपनीकडेच होता.

पाणी सहकारी संस्थेचे जुने तंत्रज्ञ एलेउतेरियो, म्हणजे सगळ्यांचे तेयोकाका, यांनी कंपनीला फोन लावला. पंप चालवणारं सॉफ्टवेअर नेने अब्दाला नावाच्या तरुणानं याच पंपघरात बसून लिहिलं होतं. तेव्हा पंप अडला की नेने मोटरसायकलवरून यायचा, स्वतःलाच शिव्या घालत चूक शोधायचा आणि पाणी वाहू लागलं की तिथल्याच खाटेवर आडवा व्हायचा. आता राजधानीत त्याच्या कंपनीची काचेची इमारत होती. पंप हातानं चालवायचं बटण कंपनीनं सुरक्षिततेच्या कारणास्तव काढून नेलं होतं.

फोनवर कंपनीच्या यंत्रानं गोड आवाजात तक्रार नोंदवून घेतली. ‘आपली अडचण अजून आहे का?’ हा निरोप भर दुपारी आला. त्या वेळी या गावात कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. अर्ध्या तासात उत्तर गेलं नाही, तेव्हा ग्राहक समाधानी असल्याचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा तक्रार केली, दुपारी डोळे ताणून जागे राहिले आणि तोच निरोप येताच ‘हो’ कळवलं. उलट निरोप आला: आपल्या भागात ही झोपेची वेळ आहे, झोपेत दिलेलं उत्तर ग्राह्य धरता येत नाही.

टाकीनं तळ गाठला. काकांनी नेनेचा जुना नंबर फिरवला.

“तेयोकाका, ती खाट आहे का हो अजून?”

“खाट आहे रे. पाणी नाही.”

“काय आहे, मी आता ग्राहकांचं मन सांभाळतो. पंपाचं खातं वेगळं. पण अर्ध्या गावानं नाराजी कळवली ना, की यंत्र आपोआप माणूस पाठवतं.”

“पूर्वी तू आपोआप यायचास.”

नेने हसला. त्याला बैठकीची घाई होती.

काका उन्हातून घरोघर फिरले. झोपमोड झालेल्या जोवितावहिनी रिकामी बादली लाथेनं सरकवत म्हणाल्या, “त्या नेनेला असा झोडपते बघा.” आणि त्यांनी फोनवर कंपनीचा अभिप्रायाचा फॉर्म उघडला. ‘नाराज’ दाबलं की प्रश्नांची लांबलचक रांग लागायची. पाच तारे दाबले की तात्काळ सुटका.

“कारण सविस्तर लिहा म्हणे. मेल्यांना काम नाही. कळवतील की बाकीचे.” वहिनींनी पाच तारे दाबून कूस बदलली. बाकीच्यांनीही वहिनींवर तेवढाच विश्वास टाकला.

शनिवारी माणूस आला. देशातलं सर्वांत समाधानी गाव म्हणून मानचिन्ह द्यायला खुद्द नेने आला होता. अशा गावाला वर्षभर दुरुस्तीची गरज नसते, असा नियम त्यानं अभिमानानं वाचून दाखवला. भाषणात त्याला ठसका लागला, तेव्हा त्याच्या मदतनिसानं गाडीतून पाण्याची बाटली आणली.

समारंभ संपताच सगळ्यांचे फोन वाजले: सोहळा कसा वाटला? काकांनी ‘नाराज’ दाबलं आणि निश्चयानं एकेक प्रश्न सोडवायला घेतला. इतक्यात शेजारच्या गावाचा टँकर आला. लोक धावले. बादल्यांना दोन्ही हात हवे होते. काकांनी पाच तारे दाबले आणि फोन खिशात टाकला.

त्यांना हसण्याआधी जरा आठवून पाहा, तुम्ही अगदी परवा पाच तारे दिलेत, ते नेमके कशाला?