दारातली म्हातारी

महाबळेश्वरनं म्हातारीपुढं सुकी मासळी धरली. म्हातारीनं मान हलवली. कंदील धरला, मान हलवली. तुटका कंगवा, गंजका विळा, मेलेली पाल. म्हातारी काही दारातून हलेना.

ही म्हातारी कॉम्प्युटरमधली. रामनगरच्या मेव्हण्यानं, निखिलनं, गेम घालून देताना म्हटलं होतं, "भावजी, डोकं लागतंय ह्याला." त्या एका वाक्यापायी गणेशगुडीचा हा झेरॉक्सवाला तीन आठवडे अर्धा दिवस दुकान बंद ठेवून घरात बैठक मारत होता. दिसेल ते उचलायचं, थैलीत कोंबायचं आणि कुठंतरी लावून बघायचं. पडद्याखाली हात, डोळा, तोंड अशी तीन चित्रं होती; याचा सगळा भरवसा हातावर. कुलपावर ताक ओतून पहिलं दार उघडलं, तेव्हा त्यानं बायकोला कौतुकानं दाखवलं होतं.

"कुलपावर ताक?" फुला म्हणाली. "ह्यो गेम केला त्येला घरदार हाय का न्हाई?"

निखिलला विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण मग नाक राहिलं नसतं. मेव्हण्यापेक्षा देव बरा, असं म्हणून महाबळेश्वर सोमवारी देवळात गेला. झिलू गुरवानं देवाला कौलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"काय इचारायचंय?"

देवापुढं गेमचं नाव काढायची लाज वाटली. "म्हातारी दारात ठाण मांडून बसलीय. काय बी केलं तरी हलत न्हाई. नारळ देऊ?"

डावी पडली.

"कोंबडा?"

डावी.

"मग कायच देऊ नको?"

उजवी पडली. मागं थांबलेली पाचसहा माणसं डोळे फाडून ऐकत होती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की याची सासू काशी लेकीकडं राहायला आली आहे आणि रोज दारात बसून पान खाते. महाबळेश्वरला मात्र सासू घरात आहे याचाच विसर पडला होता.

गणेशगुडीत फोनला रेंज मिळायची मारामार, पण ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली. काशी दारातच बसली होती, शेजारी बांधलेलं गाठोडं.

"माझ्या आईला घालवायला देवाला कौल लावला?" फुला कडाडली. "आई गेली की मी बी चालले. बसा मग त्या म्हातारीला पाली दावत!"

महाबळेश्वर आत पळाला. त्यानं पानसुपारी आणली. काशीनं मान हलवली. गरम भजी आणली, मान हलवली. बाजारात पळत जाऊन लुगडं आणलं, तरी मान हललीच. काही देऊ नको असं देवानं सांगितलं होतं, आणि द्यायला काही उरलंही नव्हतं.

तो खालीच बसला. "मामी, चुकलं. तुमच्याबद्दल न्हवतं ओ त्ये. तुमास्नी काय पायजे, तुमीच सांगा."

"तीन आठवडं झालं येऊन. आज पयल्यांदा बोललासा," काशी म्हणाली आणि उठली. ती थेट कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली. "रोज मागनं बगतेय मी. त्या बाईला बी नुसत्या पाली दावताय. त्ये तोंडाचं चित्र कशाला हाय? दाबा की!"

त्यानं दाबलं. पडद्यावरची म्हातारी दोन शब्द बोलली, हसली आणि बाजूला झाली.

"उघडलं!" महाबळेश्वर नाचायचाच राहिला. "आता उठा मामी, पुढचं मी बगतो."

काशीनं मान हलवली. "आजून किती दारं हायत?"

"अकरा."

"ती झाली की जाते मी. तवर चा ठेवा."

फुलानं गाठोडं सोडून लुगडी परत दांडीवर टाकली. महाबळेश्वर चहा घेऊन आला आणि दारातूनच मान उंचावून पडद्याकडं बघू लागला.

"जावय," काशी मागं न बघता म्हणाली, "दारातनं जरा बाजूला सरा. उजेड अडतोय."