फॉल्ट इथे नाय

आमच्या शेजारचे सुर्वेभाऊ समोरच्याचा हात सरळ ताब्यात घेतात. नमस्काराला जोडलेले हातसुद्धा ते सोडवतात, तळवा उजेडाकडे वळवतात आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा दाबून बघतात. खिशात पेनाशेजारी माडाच्या झाडूचा एक हीर असतो. त्याने अनामिकेला आधी एका कडेने टोचतात, मग दुसऱ्या कडेने. "दोन्हीकडे सारखं लागतंय काय?" हा प्रश्न ज्याला भाऊंनी विचारलेला नाही, तो माणूस रत्नागिरीत नुकताच उतरला असं समजावं.

भाऊ डॉक्टर नाहीत. ते वीज खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबावर गेल्यामुळे माणसाचा हात म्हणजे त्यांना मानेपासून बोटांपर्यंत ओढलेली लाइनच वाटते. बधिर करंगळीला कोणी बाम चोळताना दिसला की ते खवळतात.

"फॉल्ट इथे नाय. दिवा गेला म्हणून बल्ब काय पुसतोस? वर बघ."

वर म्हणजे कोपर. अंगठा आणि शेजारची दोन बोटं असतील तर मनगट. अख्खा हात असेल तर मान. गुहागरला एका लग्नात त्यांनी भटजींची करंगळी तपासायला घेतली आणि अंतरपाट धरणारे दोघे ताटकळत राहिले. मासळी बाजारात एका बाईंना कोयता खाली ठेवायला लावून, दोन्ही हातांचे पंजे पाठीला पाठ लावून मिनिटभर धरायला सांगितले. तेवढ्यात मांजराने बांगडा लांबवला. माझीही नस त्यांनी एकदा दबलेली ठरवली होती. मी दुपारी हात उशाला घेऊन झोपलो होतो, एवढंच निघालं.

सुर्वेकाकू या सगळ्यावर नुसत्या हसतात. बाई मोठ्या टापटिपीच्या, पण वेणी मात्र रोज वाकडी. माझ्या बायकोला, सुनीताला, याचं फार नवल वाटायचं.

सुनीता मोदकांच्या ऑर्डरी घेते. गेल्या गणपतीआधी आठवडाभर ती विळीवर नारळ खवत होती. एका सकाळी भाऊ आमच्याकडे चहाला बसलेले असताना तिच्या हातून कप पडला. त्या आठवड्यातला तिसरा. "लक्ष कुठे असतं तुझं?" मी सवयीने ओरडलो.

भाऊंनी आपला कप खाली ठेवला. सुनीताला पंजे पाठीला पाठ लावून धरायला सांगितले. अर्ध्या मिनिटातच अंगठ्याला आणि दोन बोटांना मुंग्या आल्या म्हणाली. भाऊंनी अंगठ्याचा उंचवटा दोनदा चाचपला. हीर खिशातून बाहेर आलाच नाही.

"उद्याच डॉक्टरकडे ने. नसांची तपासणी करायची काय, विचार."

मी थट्टेने विचारलं, "काय भाऊ, फॉल्ट मनगटात?"

"फॉल्ट माझ्यात होता," भाऊ म्हणाले. "आमच्या हिच्या हातून पण कप पडायचे. चार वर्षं मी असाच ओरडलो. गावभरचे फॉल्ट शोधले, घरातला दिसला नाय. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा अंगठ्याखालचं मांस सपाट झालेलं. ऑपरेशनने मुंग्या गेल्या, चिमटीतला जोर काय परत आला नाय."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही त्या हिरावर हसत होतो, तेही आठवलं.

डॉक्टरांनी तपासण्या करून निदान तेच सांगितलं, मनगटात नस दबलेली, पण वेळेत आलात म्हणाले. मनगटाला पट्टा मिळाला, खवणं बंद झालं. आता नारळ मी खवतो आणि माझ्या मनगटावर भाऊंची नजर असते.

तपासण्यांचा निकाल सांगायला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काकू पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. मागे भाऊ, दातांत कंगवा धरून, काकूंच्या केसांचे तीन पेड केबलसारखे घट्ट पिळत होते. निकाल ऐकून त्यांनी फक्त मान हलवली, वेणीला रबर लावलं, थोडं मागे सरकून बघितलं आणि मला विचारलं, "सरळ आली काय रे?"

काकूंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं.

"अगदी सरळ," मी म्हणालो.