दुहेरी जाळी

"एका पदरानं काय होतंय, जावईबापू? दुहेरीच लावू," असं म्हणत सासऱ्यांनी खिडकीच्या उरलेल्या जाळीची घडी घातली आणि गाडीच्या नाकावर धरून पाहिली.

जावयानं मान हलवली. ती मान खरं तर नाही म्हणायला निघाली होती. वाटेत सासऱ्यांचा चेहरा लागला आणि ती हो म्हणून परत आली.

गाडी मूळची सासऱ्यांची. तिला त्यांनी लेकीसारखं वाढवलं होतं, फडक्यानं पुसलं होतं, पावसात स्वतः भिजून झाकलं होतं. थोरली लेक त्यांनी जावयाला दिली आणि तिला दिवस गेल्याचं कळताच ही धाकटीही दारात आणून उभी केली. "दोघींशीही जरा हळू वागा," एवढंच म्हणाले. त्या मायेखाली जावई इतका वाकून गेला होता, की रेडिएटरला जाळी लावावी की नाही यावर त्याला मत होतं, पण ते उघडायची सोय नव्हती.

दवाखान्याचा रस्ता तळ्याकाठून जायचा. बाळ महिनाभर आधीच जन्माला आलं, तेव्हापासून रोज संध्याकाळच्या खेपा सुरू होत्या. त्या खेपांत गाडीनं तळ्यावरची इतकी किडे-पाखरं गिळली, की मेकॅनिकनं रेडिएटरमधून ओंजळभर पंख उपसून काढले. ते पाहूनच सासऱ्यांनी जाळीचा ध्यास घेतला होता. आणि आज तर बाळाला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नाजूक आहे. ऊब सांभाळा आणि वाटेत कुठे थांबू नका."

सासरे गाडीखाली तारा पिळत असताना जावयानं आत जाऊन दवाखान्यात बायकोला फोन लावला.

"अगं, दुहेरी जाळीतून वारा कसा जायचा? इंजिन तापेल. तू सांग ना त्यांना."

"तू सांग."

"मला त्यांना नाही म्हणता येत नाही."

"तुला कुणालाच येत नाही. म्हणून तर आपलं लग्न झालं," ती म्हणाली. "निघा लवकर. आम्ही दोघी आवरून बसलोय."

निघाले. ऊन अजून कलायचं होतं. तळं लागायच्या आतच तापमानाचा काटा उठला आणि हळूहळू तांबड्या रेघेकडे चालू लागला. जावयानं वेग कमी केला. गाडी आज बंद पडली तर बाळाला आणायचं कशातून? आणि थांबून जाळी काढावी, तर शेजारी बसलेल्या माणसाला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायचं. मग त्याला आठवलं, की हीटर लावला तर इंजिनची आग थोडी आत ओढली जाते.

"बाबा, मला जरा गार वाटतंय. हीटर लावू?"

सासऱ्यांनी बाहेर पाहिलं. एक कुत्रं ट्रकच्या सावलीत जीभ बाहेर टाकून पडलं होतं. मग त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा समोर.

"लावा की," ते म्हणाले. "मलाही मघापासून हुडहुडी भरलीय."

हीटर पूर्ण सोडला. भट्टीचं दार उघडावं तशी झळ अंगावर आली. काटा थबकला.

"खिडकी उघडू का थोडी?" जावयानं चाचरत विचारलं.

"थंडी वाजतेय ना तुम्हाला?"

"वाजतेय."

"मग राहू द्या."

सासऱ्यांच्या कपाळावरून धारा लागल्या. जावयाचा चष्मा नाकावरून घसरून ओठांपर्यंत आला.

"बाबा, घाम आलाय का तुम्हाला?"

"छे. डोळे भरून आले. नातीला आणायला चाललोय."

दवाखान्याच्या फाटकाशी सासरे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

जावई बायको-लेकीला घेऊन खाली उतरला तेव्हा ऊन गेलं होतं आणि तळ्यावरून बोचरा वारा सुटला होता. सासरे गाडीशी उभे होते, हात पाठीमागे.

"बाबा, घ्या ना तिला."

"घरी गेल्यावर. हात धुतल्याशिवाय नको."

जावयानं त्यांच्या पाठीमागून डोकावणाऱ्या काळ्या बोटांकडे पाहिलं, फुगलेल्या खिशाकडे पाहिलं आणि बायकोसाठी मागचं दार उघडलं. बायको आत बसली आणि तिचा चेहरा उजळला.

"केवढी ऊब ठेवलीत गाडीत. मला तीच काळजी लागली होती, या वाऱ्यात हिला न्यायचं कसं. कुणाला सुचलं हे?"

सासरे तिच्या शेजारी मागे बसून खिडकीबाहेर पाहू लागले.

"बाबांमुळेच हीटर लागला," जावई म्हणाला. इतकं खरं तो सासऱ्यांसमोर आजवर बोलला नव्हता.

परतताना काटा मधोमध शांत बसून राहिला. तळ्याकाठी पाखरं काचेवर, नाकावर टपटप आपटत होती. प्रत्येक आवाजाला सासऱ्यांची मान आक्रसायची. बाळ मात्र मूठ गालाशी धरून त्या उबेत निवांत निजलं होतं.

एवढ्यात ते शिंकलं. आजोबांनी घाईनं खिशातून रुमाल ओढला, तर रुमालाबरोबर काळीकुट्ट जाळी मांडीवर आली.

"हे काय, बाबा?" बायकोनं विचारलं.

सासऱ्यांनी जाळी मुठीत गोळा केली. "पाळण्याला लावायची. डास फार झालेत. स्वच्छ धुऊन घेतो."

जावयानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"चालेल, बाबा. पण एकपदरीच लावू."

"एकपदरीच," सासरे म्हणाले. "वारा जायला नको का?"