गंगूचा ताप

विसपुते काकांकडून भिंतीवरून आमच्याकडे जे अंडं यायचं, त्यावर पेन्सिलीनं 'ओके' लिहिलेलं असायचं. खाली बारीक अक्षरात सही. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग एकदा प्रत्यक्षच पाहिलं. काका ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यात अंडं धरून, एक डोळा मिटून आकडा वाचत होते.

"कालच्यापेक्षा किंचित बारीक आहे, बाई," ते म्हणाले. "पण टॉलरन्समध्ये आहे. घ्या."

बाई म्हणजे मी. शाळेत शिकवते म्हणून सगळी कॉलनी मला बाईच म्हणते. काका सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढल्या आणि त्याचा पगार घेतला. पुढे रिटायर झाले, पण सवय काही रिटायर झाली नाही. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, रिक्षाचं मीटर, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. पोळीचा गोलपणाही तपासायचे. काकूंनी एकदा लाटणं उगारलं तेव्हापासून तेवढं बंद झालं.

त्यांचं एक पालुपद होतं. "रिजेक्ट करायला अक्कल लागत नाही. कारण शोधायला लागते." आमचा मिक्सर बंद पडला आणि मी नवा आणायला निघाले, तर त्यांनी मला फाटकातच अडवलं. मग चार संध्याकाळी आमचा मिक्सर त्यांच्या ओट्यावर वर्तमानपत्रावर सुटासुटा पडलेला होता. शेवटी आतून मोहरीचा एक जळका दाणा निघाला. मिक्सर पुन्हा कधी चालला नाही. पण कारण सापडल्याच्या आनंदात काकांनी आमच्याकडे हक्कानं चहा मागितला आणि मीही मुकाट्यानं केला.

आता या पिढीजात शाकाहारी घरात कोंबडी आली कशी, ते सांगायला हवं. त्र्यंबक रस्त्यावरून जाणाऱ्या एका जीपच्या टपावरून ती उडाली, पायी पायी आमच्या गल्लीत आली आणि काकांच्या मागच्या अंगणात शिरली. काकांनी फाटकावर खडूनं लिहिलं, 'कोंबडी सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जावी.' त्या रविवारी ओळख पटवायला बरीच मंडळी आली, काही तर पिशवी घेऊनच. काका प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "कुठल्या पायाचं नख काळं आहे?" कुणी डावा म्हणालं, कुणी उजवा. उत्तर होतं, दोन्ही पायांची. सगळे नापास झाले आणि कोंबडी राहिली. काकूंनी तिचं नाव गंगू ठेवलं. अंडी त्या घरात चालत नव्हती, म्हणून ती ओके होऊन आमच्याकडे यायला लागली.

उन्हाळा नुकताच लागत होता तेव्हा अंडी यायची थांबली. चार दिवस वाट बघून मी भिंतीवरून डोकावले. काकांचा चेहरा उतरलेला.

"प्रॉडक्शन बंद आहे," ते म्हणाले. "गंगूची तब्येत ठीक नाही."

मागच्या अंगणात जिन्याखाली काकूंची कांद्याची पाटी असायची. गंगू त्या पाटीत कांद्यांवर पिसं फुगवून बसली होती. दाण्याकडे बघत नव्हती. हात पुढे केला की घशातून कुर्रर्र करायची आणि टोचायची. काकांनी तपास सुरू केला. आधी त्यांनी मोठा स्क्रूड्रायव्हर आणला. त्याचं टोक पाटीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. कारखान्यात मशीनचं बेअरिंग असंच ऐकतात म्हणे.

"आतून घरघर आहे," त्यांनी जाहीर केलं.

मग त्यांनी घरातला थर्मामीटर आणला आणि टोचून घेत घेत गंगूच्या पंखाखाली धरला. पारा जो चढला तो एकशे सहाच्या वर गेला. कोंबडीचं अंग मुळातच इतकं गरम असतं, हे तेव्हा काकांना ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

"एकशे सहा, बाई! माणूस असता तर बडबडायला लागला असता!"

त्या दिवशी दुपारभर काका मिठाच्या पाण्याच्या घड्या करून गंगूच्या कपाळावर ठेवत होते. कोंबडीला कपाळ नेमकं कुठून कुठपर्यंत असतं, यावर आमचा थोडा वाद झाला. "आणि कांद्यावर का बसली, कळलं का?" ते म्हणाले. "कांदा ताप ओढतो. मुक्या जिवाला बरोबर समजतं."

या सगळ्यात काकू मात्र एक शब्द बोलत नव्हत्या. फक्त भिंतीवरून वाटी पुढे करायच्या. "बाई, दोन कांदे देता का? आमचे जरा अडकलेत." नाशकात, त्यातही कांदे निघायच्या दिवसांत, कांदा उसना मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. पाटीत हात घालून दोन कांदे काढणं अवघड होतं असं नाही. मी वाटीत दोन कांदे ठेवले.

एरवी हे प्रकरण भिंतीच्या आतच राहिलं असतं. पण नेमके ते दिवस बर्ड फ्लूचे होते. नवापूरकडच्या बातम्या रोज टीव्हीवर चालू होत्या आणि चिकनच्या दुकानात माशा वारत बसलेले लोक दिसत होते. अशात काकांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारलं, "एकशे सहा तापावर कोंबडीला काय देता येईल?" रात्रीच्या जेवणापर्यंत ही बातमी कॉलनीच्या शेवटच्या घरात पोचली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी बागूल दहा-बारा लोकांना घेऊन आले. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. मी आमच्या भिंतीशी उभी होते.

"काका, उद्या सकाळी महापालिकेची गाडी बोलावतोय," बागूल रुमालातून म्हणाले. "घरात लेकरंबाळं आहेत सगळ्यांच्या. कोंबडी देऊन टाका."

"कारण सापडेपर्यंत माल गेटबाहेर जाणार नाही."

"कारण काय सापडायचं? तापानं फणफणलीय ना? एका कोंबडीपायी सगळी कॉलनी धोक्यात घालायची का?"

"रिजेक्ट करायला अक्कल लागत नाही, बागूल!" काका म्हणाले. पण या वेळी पुढचं वाक्य त्यांना बोलताच आलं नाही; कारण अजून सापडलेलंच नव्हतं. जिन्याखाली पाटीच्या आडवे ते नुसतेच उभे राहिले. मला त्यांची फार दया आली.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. पदराला हात पुसले, काकांना हातानं बाजूला केलं आणि गंगूच्या पोटाखाली दोन्ही हात घालून तिला अलगद उचललं. गंगू कुरकुरली, पण टोचली नाही. खाली कांदे होते. मध्ये खळगा करून, गोल रचून ठेवलेले.

"आजारी नाय ती," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर येवल्याकडचं. एरवी अगदी शहरी बोलायच्या. "खुडूक झालीय, उबवायला बसलीय. पिल्लं पाहिजे तिला."

बागुलांचा रुमाल खाली आला. ते सटाण्याकडचे, एकदम घरच्या बोलीवर घसरले. "अरे! खरंच खुडूक शे ही! आमची माय तर अशी खुडूक कोंबडी पाण्यात बुडवायची. दोन दिवसांत ठिकाणावर!"

बर्ड फ्लू सगळे विसरले आणि प्रत्येकाला आपापलं गाव आठवलं. कुणी म्हणालं, नाकात पीस घाला. कुणी म्हणालं, टोपलीखाली उपाशी कोंडा. "खूळ असतं ते, उतरवावं लागतं," असा एकमतानं निकाल देऊन मंडळी हसत हसत घरी गेली. काकूंनी गंगूला परत कांद्यांवर ठेवलं आणि आत निघून गेल्या. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

सकाळी काका दिसले नाहीत. दुपारी एसटीनं परत आले ते दोन्ही हातांनी छातीशी एक डबा धरून. व्हर्नियरचा डबा होता, आत कापूस आणि कापसात अंडी. सिन्नरच्या पुढे एका वस्तीवर जाऊन आणली होती. ज्या माणसानं जन्मात अंडं खाल्लं नाही, त्यानं तिथल्या बाईला भीत भीत विचारलं होतं, "ताई, या अंड्यांना... म्हणजे... वडील आहेत ना?" ती बाई पोट धरधरून हसली आणि मग अंगणातले वडील तिनं बोटानं दाखवले. हे काकांनीच मला सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाले.

पुढे पिल्लं निघाली. मी बघायला गेले तेव्हा काका जिन्याखाली पालथे पडून टॉर्चनं आत बघत होते.

"कॅलिपर आणू का?" मी विचारलं.

"काहीतरीच काय, बाई," ते वळून न बघताच म्हणाले. "पोरांना कुणी मोजतं का?"

संध्याकाळी काकू उसने कांदे परत करायला आल्या. गंगूनं उबवलेल्या कांद्यांना हिरवेगार मोड आले होते, म्हणून बाजारातून नवे आणले होते. मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर बुडवलं असतं की तिला सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "बसू दे म्हटलं. तिला बसावंसं वाटतंय ना, बसू दे."

मग पायरीवर बसल्या. "आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली तरी काही नव्हतं. सासूबाईंनी यांच्यासाठी दुसरी मुलगी बघितली. ओट्यावर सगळे जमलेले, मी आत दाराशी. तेव्हा हे पहिल्यांदा म्हणाले, रिजेक्ट करायला अक्कल लागत नाही."

"कारण शोधायला लागते," माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

काकूंनी मान हलवली. "नाही. ते पुढचं नंतर जोडलं, कारखान्यात. त्या दिवशी एवढंच म्हणाले. डॉक्टरकडे चला, तपासू, असं मी कितीदा म्हटलं. नाही आले. मलाही जाऊ दिलं नाही." त्यांनी उठून पदर सारखा केला आणि भिंतीवरून, अजून पालथ्याच पडलेल्या काकांकडे पाहिलं. "उभ्या जन्मात तेवढं एकच कारण यांनी शोधलं नाही, बाई."