जावयाचं 'आपण'

"साऱ्या जगाची घड्याळं मी खोलून बसवली, एका जावयाचं काय घेऊन बसलीस!" असं घड्याळजींनी सकाळीच बायकोला ऐकवलं. लेक बंदरावरच्या कचेरीत कामाला, आणि तिथल्याच एका परदेशी सहकाऱ्यावर तिचं मन बसलेलं. आज तो तिला मागणी घालायला येणार होता. लेक कचेरीतून सुटून मागाहून येणार होती.

घड्याळजींना मुलाच्या रंगाचं, देशाचं काही नव्हतं. धास्ती एकच. हा पठ्ठ्या पोरीला सातासमुद्रापार नेणार, आणि मग ती आपल्याला फक्त मोबाइलच्या काचेत दिसणार! या विचाराने त्यांची झोप उडाली होती, पण बायकोपुढे तसं कबूल करतील तर ते घड्याळजी कसले!

पाहुणा वेळेवर आला. गडी वर्षभर इंटरनेटवर मराठी शिकत होता. तिथे कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, की 'आम्ही' म्हणणं म्हणजे तोरा आणि 'आपण' म्हणणं म्हणजे सभ्यपणा. बिचाऱ्याने 'आम्ही'ला कायमची सुट्टी देऊन टाकली होती. इकडे घड्याळजींनीही त्याच्या भाषेतले दोन-चार शब्द घोकले होते, पण ऐन वेळी एक आठवेल तर शपथ.

चहा झाला. पाहुण्याने कप खाली ठेवला, घसा खाकरला आणि घड्याळजींच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "बाबा, आपण लग्न करू या."

घड्याळजींना असा ठसका लागला, की चहा नाकातून आला. पाहुणा धावत येऊन त्यांची पाठ चोळू लागला, तसे ते जास्तच बिथरले.

"कोणी लग्न करू या?"

"आपण. आपलं प्रेम आहे ना, पहिल्या दिवसापासून."

"अहो, मी तुम्हाला आज पाहतोय!"

पाहुण्याला वाटलं, गृहस्थ अजून विरघळत नाहीत. तो खुर्ची पुढे ओढून जीव तोडून सांगू लागला. लग्न अगदी साधं करू, आपल्या आवडीनिवडी किती जुळतात, आणि पुढे आपल्याला दोन मुलं झाली तर काय बहार येईल! मुलांचं नाव निघताच घड्याळजी ताडकन उठले, स्वयंपाकघरात शिरले आणि बायकोला म्हणाले, पोराची स्प्रिंग तुटली आहे, हे लग्न मोडलं म्हणून समज. बायको मटकन खाली बसली. बाहेर पाहुण्याला त्यातला 'मोडलं' हा शब्द तेवढा नीट कळला, आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

तेवढ्यात लेक आली. होणारा नवरा रडकुंडीला, आई जमिनीवर आणि बाप हातात लाटणं घेऊन उभा! तिने एकेकाला विचारून सगळं काढून घेतलं आणि पोट धरून हसत सुटली. मग 'आपण'चा उलगडा झाला, आणि घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. अर्धाच. कारण खरी धास्ती अजून पोटातच होती. शेवटी त्यांनी धीर करून विचारलं, "लग्नानंतर राहणार कुठे?"

"इथे. मी इकडेच कायमची नोकरी मागून घेतली," पाहुणा म्हणाला. "आपण इथे राहू."

"आम्ही म्हण रे!" लेक म्हणाली.

"नाही. आपण. सगळे. आईंनी फोनवर खोलीसुद्धा दाखवली आहे."

त्याने बोट दाखवलं, ती घड्याळजींची कामाची खोली होती; तिथल्या मोठ्या टेबलावरच ते घड्याळं खोलून बसत. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती बशा गोळा करून केव्हाच पसार. पण रागावणार कोण? पोरगी इथेच राहणार होती! घड्याळजींनी सगळ्यांदेखत डोळे पुसले आणि पाहुण्याला घट्ट मिठी मारली. खोलीच काय, मागितलं असतं तर त्यांनी दुकानही दिलं असतं.

"मग बाबा, आपण ते मोठं टेबल आजच हलवावं," पाहुणा अदबीने म्हणाला.

घड्याळजी बाह्या सरसावून आत गेले. टेबलाचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाला पाहुणा येईल म्हणून वाट पाहत उभे राहिले. पाहुणा बाहेर निवांत बिस्कीट खात होता. हे 'आपण' आदरार्थी होतं.